सुटकेनंतरचीं तीस वर्षें

मराठी भाषेनें स्त्रीच्या आयुष्याचें मोठें कौतुक केलें आहे. मुलगी न्हाती झाली कीं पूर्वीं तिला मखरांत बसवीत; लग्न ठरलें कीं केळवणें सुरू होत; दिवस राहिले कीं डोहाळे आले, चोरचोळी आली, ओटीभरण आलें; मूल झालें कीं पांचवी व बारसें आलें. प्रत्येक वळणासाठीं एक शब्द, एक पक्वान्न आणि बहुधा एक गाणेंहि भाषेनें बाजूला काढून ठेवलें आहे. परंतु ज्या ऋतूच्या बळावर हे सारे सोहळे झाले, तो शरीरांतून कायमचा निघून जातो त्या दिवसासाठीं या उदार भाषेपाशीं चारचौघांत उच्चारण्याजोगा शब्द नाहीं. ज्यांचें वाङ्मय आम्ही जन्मभर शिकवीत आलों त्या इंग्रजांची गोष्टहि फारशी निराळी नाहीं. शेक्सपिअरनें माणसाच्या आयुष्याच्या सात अवस्था मोठ्या रसाळपणें सांगितल्या. पण प्रियकर, शिपाई, न्यायाधीश अशा त्या अवस्था पुरुषाच्याच आहेत. वैद्यकाच्या पुस्तकांतला 'रजोनिवृत्ति' हा शब्द आमच्या कुंडलच्या कोणत्याहि माजघरांत आम्हीं ऐकलेला नाहीं. तेथें बायका आवाज उतरवून एवढेंच म्हणतात, "तिची गेली आता", किंवा थोड्या मोकळेपणानें, "सुटली बाई एकदाची."

हा सुटकेचा शब्द खोटा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. महिन्यांतून चार दिवस कोपऱ्यांत बसणें, शिवूं नको म्हणून मुलांना लांब ठेवणें, सत्यनारायणाच्या दिवशींच अडचण येऊं नये म्हणून गोळ्या घेऊन पाळी पुढें ढकलणें, भांगलण करतांना डाग लागेल या धास्तीनें पदर सांवरीत राहणें, हें जिनें तीस-पस्तीस वर्षें सोसलें तिला त्यांतून मोकळें होणें ही सुटकाच वाटणार. आमच्या शेजारच्या एक काकू वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं प्रथम पंढरीच्या वारीला निघाल्या. "आता दिवस मोजायला नकोत," एवढेंच त्या म्हणाल्या; आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता होती ती केवळ एकादशीच्या पुण्याची नव्हती. लोणच्याच्या बरणीला हात लावण्याचा, देव्हाऱ्यापुढें केव्हांहि बसण्याचा, पापडाच्या दिवशीं घराचीं सूत्रें हातीं घेण्याचा अधिकार याच वयांत आमच्या बायकांना निर्वेधपणें मिळतो. आमची तक्रार आहे ती एवढीच, कीं 'सुटली' म्हटल्यावर विषय तेथेंच संपतो. कशापासून सुटली हें सर्वांना कळतें. सुटून कोठें आली, हें कोणी विचारीत नाहीं.

ती जेथें येते तो प्रदेश लहान नाहीं. सुश्रुतसंहितेंत स्त्रीचें रज बाराव्या वर्षीं सुरू होऊन पन्नाशीला क्षय पावतें असें सांगितलें आहे; म्हणजे आपल्या प्राचीन वैद्यांना हें वळण चांगलें ठाऊक होतें. युरोपांत या अवस्थेला आजचें नांव दिलें तें गार्दान नांवाच्या फ्रेंच वैद्यानें, १८२१ सालीं. आजच्या वैद्यकाची व्याख्या सरळ आहे : सलग बारा महिने पाळी आली नाहीं म्हणजे रजोनिवृत्ति झाली असें समजावें. पाश्चात्त्य स्त्रियांत हें सरासरीनें ५१ व्या वर्षाच्या सुमारास घडतें. भारतीय स्त्रियांत चार-पांच वर्षें आधीं, म्हणजे ४६-४७ च्या सुमारास. त्यापूर्वींचीं कांहीं वर्षें पाळी कधीं लौकर, कधीं उशिरां, कधीं पुरासारखी अशी लहरी होते. तोहि याच प्रवासाचा भाग होय. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास आपल्याकडील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतें. त्यांत बालमृत्यूंचा वांटा मोठा होता हें खरें. तरी पन्नाशी ओलांडणें हें तेव्हां भाग्याचें लक्षण समजत. आज भारतीय स्त्रीचें आयुर्मान सत्तरीच्या पुढें गेलें आहे, आणि जी पन्नाशी गांठते तिला आणखी पंचवीस-तीस वर्षें सहज मिळतात. आयुष्याचा एक तृतीयांश भाग एका शब्दांत गुंडाळून ठेवावा, हें भाषेला शोभत नाहीं व कुटुंबाला परवडत नाहीं.

आम्ही स्वतः या वळणावरून गेलों तेव्हां पदवीच्या वर्गाला मिल्टन शिकवीत होतों. नरकांतील ज्वाळांचें वर्णन चाललें असतां छातींतून एक वाफ उठली, ती मानेवरून कानशिलांपर्यंत चढली आणि ऐन पौष महिन्यांत आमच्या कपाळावरून घामाच्या धारा वाहूं लागल्या. बाई विषयाशीं किती तद्रूप झाल्या आहेत, असें विद्यार्थ्यांना वाटलें असल्यास नवल नाहीं. पुढें दोन वर्षें प्राध्यापकांच्या खोलींतील पंख्याखालची खुर्ची आम्हीं कोणाला मिळूं दिली नाहीं. एका सद्गृहस्थांनीं, पित्त असावें, म्हणून आमसुलाचें सार सुचविलें. दुसऱ्यांनीं, उत्तरपत्रिका तपासण्याचा ताण, असें निदान केलें. खरें कारण त्या खोलींतील चारहि स्त्रियांना ठाऊक होतें, पण त्याविषयीं एक अक्षर कधीं निघत नसे. शहरांतील एका डॉक्टरांकडे गेलों, तर त्यांनीं आमचें बोलणें पुरतें ऐकूनहि न घेतां सांगितलें, "वय झालं की चालायचंच." रात्रीं तीन-तीन वेळां जाग येऊन पांघरूण फेकणें, ऐन वाक्यांत नेहमींचा शब्द न आठवणें, क्षुल्लक गोष्टीवरून डोळे भरून येणें, हें सारें 'चालायचंच' असें एकदां ठरलें म्हणजे त्याचें कारण विचारण्याची सोयच उरत नाहीं.

कारण विचारलें म्हणजे कळतें तें असें. बीजकोश आपलें काम हळूहळू थांबवितात व त्यांतून रक्तांत येणारें इस्ट्रोजेन नांवाचें संप्रेरक कमी होतें. मेंदूंत अंगाची उष्णता सांभाळणारें जें केंद्र आहे तें त्यामुळें बिथरतें. ऊब जराशी वाढली तरी त्याला वैशाखाचें ऊन वाटतें आणि तें घामाच्या पाटाचें दार उघडून देतें. हाडांत जुनें काढून नवें भरण्याचें जें काम जन्मभर चाललेलें असतें त्यांत आतां भरणीपेक्षां उकरणी अधिक होऊं लागते, आणि हा तोटा पहिल्या कांहीं वर्षांत सर्वांत वेगानें होतो. हृदयालाहि पूर्वीचें संरक्षण राहत नाहीं. योनिमार्गाची त्वचा पातळ व कोरडी पडते, उन्हाळी वारंवार लागते. यांतील वाफा बहुतेकींच्या बाबतींत कांहीं वर्षांनीं ओसरतात. कोरडेपणा मात्र उपाय केल्यावांचून सहसा जात नाहीं. ज्या म्हाताऱ्या कंबरेंत वांकून अंगणांत काठी टेकीत हिंडतांना आपण पाहतों, त्यांतल्या कितीएकींना वयानें वांकविलें नसून, पाठीचे मणके पोकळ होऊन न कळत दबल्यामुळें त्या वांकलेल्या असतात.

आपण सुटका म्हणून विषय मिटविला, तर पश्चिमेकडे रोग म्हणून त्याचा बाजार मांडला गेला. १९६६ सालीं रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरानें 'फेमिनाइन फॉरेव्हर' नांवाचें पुस्तक लिहिलें. रजोनिवृत्ति हा एक उणिवेचा रोग आहे व इस्ट्रोजेन घेतल्यास स्त्रीचें तारुण्य टिकेल, असा त्याचा सिद्धांत होता. तिकडे असंख्य स्त्रिया त्या गोळ्या घेऊं लागल्या. पुढें २००२ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या सरकारी अभ्यासाचा दुहेरी संप्रेरकांचा भाग मध्येंच थांबविण्यांत आला, कारण त्यांत स्तनाचा कर्करोग, हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढलेला दिसला. लागलीच गोळ्यांची भीति जगभर पसरली आणि ज्यांना त्यांचा उपयोग होता त्यांनींहि त्या टाकल्या. मागाहून लक्षांत आलें, कीं त्या अभ्यासांतील स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें. म्हणजे बहुतेकींना हें वळण ओलांडून बरींच वर्षें झालीं होतीं. आज तज्ज्ञांचें मत मध्यावर स्थिरावलें आहे. वय साठीच्या आंत आहे किंवा पाळी जाऊन दहा वर्षें झालेलीं नाहींत, प्रकृति निरोगी आहे व वाफांनीं जीव हैराण झाला आहे, अशा स्त्रीला या औषधाचा लाभ बहुधा धोक्याहून अधिक असतो. जिला स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या तिनें त्यापासून दूर राहावें. आणि शेजारणीची चिठ्ठी पाहून तर कोणींच तें घेऊं नये.

ही अवस्था रोग नव्हे हें सृष्टीकडे पाहिल्यावरहि समजतें. बहुतेक प्राण्यांच्या माद्या मरेपर्यंत वितात. माणूस आणि कांहीं जातींचे देवमासे यांच्यांत मात्र जननकाल संपल्यावरहि मादी दीर्घकाळ जगते. टांझानियांतील हाडझा लोकांत वृद्ध स्त्रिया कंदमुळें खणून नातवंडांना जगवितात, असें निरीक्षण करून क्रिस्टेन हॉक्स या अमेरिकन विदुषीनें असा तर्क मांडला, कीं आजी असलेलीं मुलें अधिक जगलीं व म्हणूनच मानवजातींत आजी टिकली. या तर्कावर वाद आहेत. पण कुंडलच्या कोणत्याहि मळ्यांत सकाळीं जाऊन पाहावें : सून द्राक्षबागेंत कामाला गेलेली असते आणि चुलीपाशीं नातवाला मांडीवर घेऊन भाकऱ्या थापणारी जी बाई दिसते, तिच्यावांचून तें घर दोन दिवस चालणार नाहीं. जिच्यावर घराचा एवढा भार आहे तिचीं हाडें शाबूत आहेत कीं नाहींत, तिला झोंप लागते कीं नाहीं, याची चौकशी व्हावी अशी अपेक्षा करणें फार होईल काय?

आतां ज्या गोष्टीपाशीं लेखणी क्षणभर अडखळते तिच्याकडे वळूं. आमच्याकडे थोरल्या मुलाचें लग्न झालें कीं आंतली एकुलती खोली नव्या जोडप्याला मिळते. सासऱ्याची बाज सोप्यांत जाते. सासूचें अंथरूण स्वयंपाकघराच्या दाराशीं, आणि पुढें नातवंडांजवळ पडतें. कोणी ठरवीत नाहीं, कोणी विचारीत नाहीं. पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या नवराबायकोचें सहजीवन एक बाज हलविल्यानें संपून जातें. मनुस्मृतीनें नातवाचें तोंड पाहिलेल्या गृहस्थाला वनांत जातांना पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावें किंवा बरोबर न्यावें असे दोन मार्ग ठेवले होते. आमच्या समाजानें त्यांतला पहिलाच तेवढा ध्यानांत ठेवला. जेथें खोली आहे तेथें अडचण निराळी. शरीर कोरडें पडल्यामुळें जवळीक दुखते. बाई दुखणें सांगत नाहीं, कूस बदलते. तिला आपला कंटाळा आला असें नवरा समजतो. तो गप्प राहिला म्हणजे त्याचें मन उडालें असें ती समजते. त्यांतच पुरुषाचें संप्रेरकहि सावकाश उतरत असतें, मधुमेहानें वा रक्तदाबानें त्याची शक्ति कमी झालेली असते, आणि तोहि तें गिळून बसतो. दोन भलीं माणसें एका बऱ्या होणाऱ्या दुखण्यावरून एकमेकांना परकीं होतात. औषधाच्या दुकानांत मिळणारें साधें वंगण, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानें जागच्या जागीं लावावयाचें इस्ट्रोजेनचें मलम, एवढ्यानें पुष्कळांचें काम भागतें. बाकीचें काम दोन वाक्यांच्या मोकळ्या बोलण्यानें होतें. इच्छाच सरली असेल तर तसें सांगण्याचा अधिकारहि स्त्रीचा आहे. मात्र तें तिनें ठरवावें, बाजेनें ठरवूं नये. आणखी एक व्यवहाराची गोष्ट : पाळी लहरी झाली म्हणजे मूल राहण्याचें भय संपलें असें नव्हे. पन्नाशीच्या आंत पाळी थांबल्यास दोन वर्षें, त्यानंतर थांबल्यास एक वर्ष संततिनियमनाची काळजी घ्यावी लागते.

'सुटका' या शब्दाची सर्वांत जबर किंमत मात्र पांढरपेशा घरांबाहेरच्या स्त्रियांनीं दिली आहे. दिवाळी झाली कीं कृष्णाकांठच्या कारखान्यांसाठीं ऊस तोडावयास बीडकडील माणसें येतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत खाडा परवडत नाहीं, कारण एका दिवसाच्या खाड्याला दंड बसतो. कोपींत न्हाणी नाहीं, शौचकूप नाहीं, आडोसा नाहीं. अशा बाईला पाळीच्या दिवसांत मोळ्या वाहाव्या लागतात, अंगावरून पांढरें जाऊं लागलें कीं ती गांवीं डॉक्टरकडे जाते, आणि तेथें कर्करोगाचें भय घालून तिला सांगतात, "पिशवी काढून टाक, म्हणजे सुटशील." २०१९ सालीं महाराष्ट्र सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणींत १३,८६१ स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें आढळलें, म्हणजे दर सहा जणींत एकीचें. त्यांतील पुष्कळजणी चाळिशीच्या आंतल्या होत्या. गर्भाशयाबरोबर बीजकोशहि काढले तर रजोनिवृत्ति एका दिवसांत येते; ते राखले तरी ती कांहीं वर्षें आधीं येण्याचा संभव असतो. जें वळण शरीरानें सत्तेचाळिशीला सावकाश घ्यावयाचें, तें पस्तिशींत सुरीनें घ्यावयास लावलेली ती बाई पुन्हां डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते. तिचीं हाडें साठीपर्यंत कशीं पुरणार?

हें वाचून हळहळणाऱ्या सुशिक्षित घरांतहि, "मुलं झाली, आता पिशवीचा काय उपयोग?" हें वाक्य आम्हीं ऐकलें आहे. कर्करोग असेल, गांठी मोठ्या असतील, रक्तस्राव कशानेंच थांबत नसेल, तर शस्त्रक्रिया करावीच लागते व ती प्राण वांचविते. परंतु जननाचें काम झालें म्हणजे तें इंद्रिय अडगळ झालें, ही समजूत आणि पाळी गेली म्हणजे बाईचें शारीर आयुष्य संपलें, ही समजूत या एकाच मुळाच्या दोन फांद्या आहेत. माजघरांत आपण ज्या शब्दानें विषय बंद करतों, त्याच शब्दानें कोपींतल्या बाईला टेबलावर निजवितात.

असल्या गोष्टी जाहीरपणें बोलाव्या कीं नाहीं अशी शंका कोणास येत असेल, तर त्यानें कुंडलच्या परिसराचा इतिहास आठवावा. १९४३ ते १९४६ च्या प्रतिसरकारचें हें गांव मुख्य ठाणें. हुंडा व थाटमाट टाकून साध्या खर्चांत गांधी-विवाह लावण्याची चाल त्या काळांत याच मुलखानें उचलून धरली. गांवाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखाना उभारला, आणि त्या किर्लोस्करवाडींतूनच १९३० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं 'स्त्री' मासिक सुरू केलें. नांगराच्या फाळाबरोबर बायकांसाठीं मासिक काढावें असें ज्या माळावर कोणाला सुचलें, त्या मुलखाला आज लाजण्याचें कारण नाहीं. तिकडे मुंबईंत रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविलें, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरें दिलीं, आणि त्यापायीं खटले सोसले. १९३४ च्या खटल्यांत त्यांच्या बाजूनें डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दंड झाला, पण मासिक बंद पडलें नाहीं. ज्यांनीं दंड भरून हें बोलण्याची वाट मोकळी केली, त्यांच्यामागून चालणाऱ्यांना फुकट बोलावयासहि संकोच वाटावा हें बरें नव्हे.

उपायांपुरतें बोलावयाचें तर तेंहि आमच्या दाराशींच आहे. १९४८ पर्यंत कुंडल औंध संस्थानांत होतें, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन शाळेंतल्या मुलांमुलींना ते घालावयास लावले. हाडावर भार पडेल असा व्यायाम हाडाला बळ देतो हें आजचें वैद्यकहि सांगतें; तेव्हां नमस्कार, चालणें, थोडें वजन उचलणें हें पन्नाशींत सोडावयाचें नसून धरावयाचें आहे. दूध, नाचणी, तीळ व कोंवळें ऊन यांना आपल्याकडे तोटा नाहीं. फक्त सर्वांचें पान वाढून झाल्यावर उरेल तें खाण्याची वाईट खोड गृहिणीनें सोडावयास हवी. रक्तदाब व साखर वर्षांतून एकदां पाहावी. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हां रक्त दिसलें, मग तें थेंबभर कां असेना, तर त्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे जावें. तें परत आलेलें तारुण्य नव्हे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणी पाळी गेली म्हणून टाळूं नये. तेव्हांच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव जिल्ह्यांतील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,००० हून अधिक स्त्रियांवर जो मोठा अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष २००९ सालीं जगापुढें आला : या रोगास कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी आयुष्यांत एकदांच केली तरी त्यापासून होणारे मृत्यु जवळजवळ निम्म्यानें घटतात. बार्शीच्या रुग्णालयाचा त्यांत वांटा होता, आणि त्या स्त्रिया आमच्या-तुमच्यासारख्याच शेतकऱ्यांच्या घरच्या होत्या.

मुलीला पहिली पाळी येण्यापूर्वीं आई आतां तिला जवळ बसवून चार गोष्टी सांगते. दोन पिढ्यांपूर्वीं तेंहि कठीणच होतें. तसेंच, चाळिशी उलटलेल्या बाईला तिच्याहून दहा वर्षांनीं मोठ्या बाईनें, मग ती सासू असो, बहीण असो कीं शाळेंतली सहकारी असो, पुढें काय येणार आहे, त्यांतलें काय आपोआप ओसरतें व कशाला डॉक्टर लागतो, हें सांगावें. आणि तें बोलणें चाललें असतां घरांतल्या पुरुषानें उठून बाहेर जाऊं नये. हा अंक घरांत आल्यावर एखाद्या गृहस्थानें हीं पानें वाचून पत्नीला एवढें जरी विचारलें, कीं तुला रात्रीं झोंप लागते ना, तरी आमच्या लिहिण्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.